१९३९ च्या वर्धा-निवेदनाचे पुनर्वाचन

राज्यसत्ता हाती नसलेल्या राष्ट्राला परराष्ट्रनीती असू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर राज्यशास्त्र बहुधा नकारार्थी देते. वर्धा येथे भरलेल्या काँग्रेस कार्यसमितीने १४ सप्टेंबर १९३९ रोजी संमत केलेले युद्धविषयक निवेदन वाचताना हे उत्तर अपुरे वाटू लागते. भारतीय प्रतिनिधींना न विचारता व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबर रोजी भारत युद्धात असल्याचे जाहीर केले होते. त्यास दिलेला हा जबाब होय. सामान्यतः तो प्रांतिक मंत्रिमंडळांच्या राजीनाम्यांची नांदी म्हणून वाचला जातो, आणि मूळ मजकूर बाजूस राहतो.

मसुदा जवाहरलाल नेहरूंचा. नाझीवादाचा निषेध आणि पोलंडविषयीची सहानुभूती यांत आडपडदा नाही. परंतु त्याबरोबरच मांचुरिया, अबिसीनिया, स्पेन व चेकोस्लोव्हाकिया यांची उजळणी येते. दुर्बळ देशांवर संकट आले तेव्हा लोकशाहीच्या कैवाऱ्यांनी त्यांस वाऱ्यावर सोडले, असा आरोप करून ब्रिटनने आपले युद्धहेतू, आणि ते भारतास कसे लागू होणार, हे स्पष्ट करावे अशी मागणी केली आहे. आमच्या मते यातील सर्वांत मर्मभेदक वाक्ये संस्थानिकांविषयीची आहेत. युरोपातील लोकशाहीसाठी साहाय्य देऊ करणाऱ्या राजेमंडळींनी ती प्रथम आपल्या संस्थानांत आणावी, असे त्यांस सुचविले आहे. परक्याच्या अन्यायावर बोलणाऱ्याचे घर तपासण्याची ही कसोटी कोणत्याही राष्ट्रास, लहान असो वा मोठे, गैरसोयीचीच ठरेल.

काँग्रेसने पोलंडच्या विपत्तीचा सौदा केला, हा आक्षेप मात्र नीट पारखून घ्यावयास हवा. निवेदनातील सहानुभूती बिनशर्त आहे. सशर्त आहे ते सहकार्य. हा भेद टीकाकार विसरतात. गांधीजींचा मतभेद याहून सूक्ष्म होता. जो पाठिंबा द्यावयाचा तो अटीवाचून द्यावा, अहिंसक असावा, असे त्यांचे म्हणणे. आणि या मतात आपण एकटे पडलो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. १९३८ मध्ये चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकाचे स्मरण ठेवले तर त्यांच्या म्हणण्यास बळकटी येते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या पथकातून गेले, ते पाठविताना काँग्रेसने कोणासमोर अट ठेवली नव्हती. पोलंडच्या वाट्यास शब्द आले. अर्थात गांधीजींचा नैतिक पाठिंबा तरी शब्दांपलीकडे काय देणार होता, हेही विचारलेच पाहिजे.

या पार्श्वभूमीवर वर्ध्याचाच १४ जुलै १९४२ चा ठराव वाचावा. ‘छोडो भारत’ची पूर्वतयारी एवढीच त्याची ओळख उरली आहे. वस्तुतः ब्रिटिश सत्ता गेल्यावरही जपानी आक्रमणाच्या प्रतिकारासाठी आणि चीनच्या साहाय्यासाठी दोस्त सैन्ये भारतात राहू देण्याची तयारी त्यात नमूद आहे. गांधीजींनी ही तयारी १४ जून रोजीच सेवाग्रामहून चँग कै-शेक यांस पत्राने कळविली होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने ही तडजोड कशी स्वीकारली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. अट १९३९ चीच राहिली. बदलले ते देणे. शब्दांच्या जागी आता भूमी आली, यद्यपि ती देण्याचा अधिकार अद्याप दिल्लीच्या ब्रिटिश सरकारकडेच होता, आणि त्या सरकारने ९ ऑगस्टच्या पहाटे देऊ करणाऱ्यांनाच अटक केली.