पैसा कीं आयुष्य ?

वाटमाऱ्यानें पांथस्थास अडवून "पैसा टाक, नाहीं तर प्राण" असें दरडावावें, ही इंग्रजी गोष्टींतून आपल्या परिचयाची झालेली धमकी. तिचेंच नांव विकी रॉबिन व ज्यो डोमिंग्वेझ या अमेरिकन लेखकद्वयानें आपल्या ग्रंथास दिलें आहे. 'युवर मनी ऑर युवर लाइफ' हा ग्रंथ १९९२ सालीं निघाला व २०१८ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति आली. चाळिशीच्या सुमारास नोकरीस रामराम ठोकूं पाहणाऱ्या तिकडील कुटुंबांत त्यास जवळजवळ पोथीचा मान आहे. मराठी वाचकास 'निवृत्ति' म्हटल्यावर प्रवृत्ति-निवृत्तीचा जुना वाद आठवावयाचा. पण ही मंडळी काम सोडीत नाहींत, पगार तेवढा सोडतात.

डोमिंग्वेझ हे वॉल स्ट्रीटवरील नोकरींतून १९६९ सालीं, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं निवृत्त झाले. पैसा म्हणजे आपण वेचलेले आयुष्याचे तास, हें या ग्रंथाचें मूळ सूत्र. समजा, एखादा गृहस्थ आठवड्यास ४० तास राबून १००० डॉलर मिळवितो. तासास २५ डॉलर, असें त्यास वाटतें. परंतु जाण्यायेण्याचे, कपड्यांचे, बाहेरच्या खाण्याचे ३०० डॉलर वजा घाला व प्रवास आणि शीण घालविणें यांचे १५ तास मिळवा. मग तासाची किंमत पावणेतेरा डॉलरही भरत नाहीं! हिशेब शाळकरी मुलाला येण्याजोगा, पण तो मांडल्यावर पोटांत गोळा उठतो. ग्रंथाचें सामर्थ्य आम्हांस येथेंच दिसलें. पुढें भिंतीवर कागद लावून मासिक उत्पन्न, खर्च व गुंतवणुकीची प्राप्ति यांच्या रेघा ओढावयाच्या. शेवटची रेघ खर्चास ओलांडील तेव्हां दास्य संपलें.

आमचा आक्षेप या रेघांपाशीं सुरू होतो. नोकरीपायीं जाणारे तास बारकाईनें मोजले, हें ठीक. पण बाहेरचें जेवण बंद झाल्यावर चुलीपाशीं जाणारा तास कोणाच्या खातीं मांडावयाचा? काटकसरीचीं वर्षें आणि मुलांचें बालपण हीं बहुधा एकच असतात. बाप पंचेचाळिसाव्या वर्षीं मोकळा होऊन दुपारीं घरीं बसेल, तेव्हां ज्याच्यासाठीं बसला तो मुलगा मित्रांत रमलेला असेल. उलट, पगारासाठीं रात्रीं उशिरां परतणारा बाप मुलास काय देतो, हेंही आम्हीं विसरत नाहीं. म्हणूनच हा ग्रंथ झटकून टाकतां येत नाहीं.

व्यवहाराच्या बाजूसही खांचखळगे आहेत. पहिल्या आवृत्तीनें भिस्त अमेरिकन सरकारी रोख्यांवर ठेविली होती. २०२० सालीं दहा वर्षांच्या रोख्याची प्राप्ति शेंकडा १ च्याही खालीं गेली. ज्या '४ टक्क्यां'चा आधार आतां घेतला जातो, तो विल्यम बेंगेन यांनीं १९९४ सालीं मांडला, आणि तोही ३० वर्षांच्या निर्वाहाचा हिशेब करून. चाळिसाव्या वर्षीं निवृत्त होणाऱ्या जोडप्यानें ५० वर्षांचा विचार करावयास हवा. त्यांतून अमेरिकेंत आजारपणाचा विमा बहुधा नोकरीशीं बांधलेला, आणि मेडिकेअर सामान्यतः ६५ व्या वर्षीं लागू होणारी. २०१४ पासून स्वतः विमा घेण्याची सोय वाढली आहे, पण हप्ता कुटुंबासच भरावा लागतो.

ग्रंथ संग्रहीं ठेवण्यासारखा आहे. पुढील आवृत्ति निघालीच, तर भिंतीवरील त्या कागदाची पेन्सिल घरांतील मुलांच्याही हातीं केव्हां द्यावी, यावर लेखिकेनें एक प्रकरण लिहावें, अशी आमची सूचना आहे.