सरहद्दीवरील गढीचे नवे अंमलदार

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. पटावर सैन्ये हलविणाऱ्या युद्धखेळांतून एकेकटा मनुष्य वेगळा काढून, टेबलाभोवती जमलेल्या मंडळींनी एकेक पात्र अंगीकारावे, एकाने डंजन मास्टर होऊन सृष्टी, शत्रू आणि दैव या तिघांचीही मुखत्यारी पत्करावी, आणि संशय उत्पन्न होईल तेथे फाशांनी निवाडा द्यावा, असा जो नवाच प्रकार गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी त्या वर्षी रूढ केला, त्याला आता पन्नास वर्षे उलटून गेली आहेत. एवढ्या अवधीत कोणत्याही कलेला आपले अभिजात वाङ्मय लाभते, तसे ते या कलेलाही लाभले आहे. गायगॅक्सचे ‘टूम ऑफ हॉरर्स’, हिकमन दांपत्याचे ‘रेव्हनलॉफ्ट’, जेनेल जॅक्वेज यांचे ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ ही साहसे आज पुन्हा टेबलावर येत आहेत, आणि ती आणताना पहिला वाद कथेविषयी होत नाही, तर ती कोणत्या नियमावलीच्या अंमलाखाली खेळावयाची याविषयी होतो. हा वाद बहुधा आवडीनिवडीच्या पातळीवरच संपतो, आणि त्यामुळे त्यातला खरा प्रश्न अनिर्णित राहतो.

तो प्रश्न तपासण्यास गायगॅक्सच्याच ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या साहसाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. 1979 च्या अखेरीस निघालेली ही पुस्तिका नवशिक्यांच्या पेटीत घालून विकली जात असल्यामुळे असंख्य खेळाडूंनी आपले पहिले पाऊल याच गढीच्या दरवाजातून टाकले. रचना वरकरणी साधी आहे. सरहद्दीवर एक गढी आहे. तीत किल्लेदार, त्याची शिबंदी, व्यापारी, सावकारी पेढी, खानावळ आणि देऊळ आहे, आणि एक पाहुणा पुरोहितही आहे, ज्याच्या सौजन्यावर भाळणाऱ्यास पुढे पश्चात्ताप होतो. गढीपासून काही अंतरावर एका घळीत अकरा गुहा आहेत, त्यांत कोबोल्ड, ऑर्क, गॉब्लिन, हॉबगॉब्लिन, नोल इत्यादी जमाती शेजारीशेजारी आणि एकमेकांचा द्वेष करीत राहतात. किल्लेदारापासून खानावळवाल्यापर्यंत कोणालाही लेखकाने नाव दिलेले नाही, आणि एक गुहा तर त्याने डंजन मास्टरने भरावी म्हणून मुद्दाम रिकामी सोडली आहे. सहा ते नऊ नवखी पात्रे येथे येतात. कथानक म्हणावे असे काही नाही; आहे ती एक तणावपूर्ण परिस्थिती.

या परिस्थितीला गती मिळते ती पुस्तिकेतून नव्हे, नियमांतून, आणि हेच पुनरुज्जीवन करणाऱ्यांच्या ध्यानात पुष्कळदा येत नाही. 1981 साली टॉम मोल्डव्हे यांनी संपादिलेल्या ‘बेसिक’ नियमावलीत योद्ध्याला दुसऱ्या पायरीवर चढण्यास 2000 अनुभव-गुण लागतात. एक गॉब्लिन मारल्याने मिळतात 5, आणि गुहेतून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेबद्दल मिळतो 1. अर्थात केवळ तलवारीच्या बळावर वर चढू पाहणाऱ्या योद्ध्याने आपल्या एकट्याच्या वाट्याचे 400 गॉब्लिन मारले पाहिजेत, आणि ते मारण्यापूर्वी तो स्वतः बहुधा अनेकदा मेलेला असेल, कारण आठ बाजूंच्या एका फाशावर पडेल तेवढीच त्याची प्राणशक्ती असते. म्हणून तो लढाई टाळतो, चोरवाटा शोधतो, एका जमातीला दुसरीविरुद्ध फितवितो. गॉब्लिन संकटात सापडले की शेजारच्या ओगरकडे 250 सुवर्णमुद्रांची थैली फेकून त्याची मदत विकत घेतात, अशी नोंद पुस्तिकेत आहे. ही थैली ओगरला परवडते, तर खेळाडूंनीही असाच सौदा का करू नये, हा विचार शहाण्या खेळाडूच्या मनात आपोआप येतो, आणि जुने नियम त्या विचाराला बक्षीस देतात.

आता हेच साहस पाचव्या आवृत्तीच्या, म्हणजे 2014 च्या नियमांखाली ठेवून पाहावे. तेथे दुसरी पायरी 300 गुणांवर आहे, एक गॉब्लिन 50 गुणांचा आहे, आणि सुवर्णाचा अनुभवाशी काही संबंध नाही. वाट्याला सहा गॉब्लिन आले की पदोन्नती झाली. मग ओगरशी वाटाघाट करणारा मनुष्य शहाणा ठरत नाही. तो स्वतःच्या पदरच्या गुणांवर पाणी सोडणारा ठरतो. गुहा त्याच, गॉब्लिन तेच, थैलीही तीच; परंतु नफानुकसानीचा जमाखर्च बदलल्याबरोबर सरहद्दीवरील मुत्सद्देगिरीचा खेळ खाटीकखान्याचा होतो. यात पाचव्या आवृत्तीचा दोष नाही, कारण वीरांच्या पराक्रमाची कथा रंगविणे हा तिचा उद्देश आहे आणि तो ती उत्तम साधते. या स्थित्यंतरास प्रारंभही तिने केलेला नाही: 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीने सुवर्णाचे गुण ऐच्छिक ठरविले, आणि 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत ते उरलेच नाहीत.

दुसरे अंग धैर्याचे. मोल्डव्हेच्या नियमावलीत प्रत्येक शत्रूला धैर्याचा एक अंक आहे; कोबोल्डांचा 6. पहिला साथीदार पडला, किंवा निम्मे गारद झाले, की दोन फासे टाकावयाचे, आणि बेरीज त्या अंकाहून अधिक आली तर शत्रू पळतो किंवा शरण येतो. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 21 कोबोल्डांना पळविणाऱ्या आहेत. पळालेला कोबोल्ड आपल्या मुख्याकडे वर्दी देतो, शरण आलेला ऑर्क पलीकडच्या गुहेचा नकाशा सांगतो, आणि अकरा गुहांची ती घळ जिवंत होते. पाचव्या आवृत्तीतही धैर्याचा एक नियम आहे, पण तो डंजन मास्टरच्या ग्रंथातील ऐच्छिक तरतुदींत दडलेला असल्याने व्यवहारात शत्रू शेवटच्या श्वासापर्यंत लढतात. उजेडाचीही तीच कथा: मशाल एक तास जळते आणि दर वीस मिनिटांनी भटक्या राक्षसासाठी फासा पडतो, ही जुनी वहिवाट जेथे आहे तेथे अंधार हा एक प्रतिपक्षी असतो, फुकट आणि अमर्याद प्रकाश देणारा मंत्र जेथे आहे तेथे तो केवळ नेपथ्य होतो.

रात्रभर रंगणारे संगीत नाटक तीन तासांत बसविताना पदे गाळली तर कथानक शाबूत राहते, पण नाटक राहत नाही. या साहसाच्या बहुतेक रूपांतरांवर हीच टीका करावी लागते. 1999 साली जॉन रेटलिफ यांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी गढीचा पुढील काळ रंगविला, आणि माझ्या मते मूळ परिस्थितीचा मान राखणारे, खेळाचे प्रकाशन करणाऱ्या कंपनीचे ते एकमेव पुनर्लेखन आहे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक चकमक हा स्वयंपूर्ण प्रवेश झाला, चौकटींच्या पटावर तासतास लढावयाचा; घळीतल्या लहानसहान झटापटींची साखळी तिला सोसणारी नव्हती. 2012 साली पाचव्या आवृत्तीची जाहीर चाचणी सुरू झाली ती याच गुहांपासून, म्हणजे कसोटीचा दगड म्हणून कंपनीने हेच साहस निवडले. पण छापून आलेल्या ग्रंथांत सुवर्णाचे गुण परतले नाहीत. 2018 मध्ये गुडमन गेम्सने जुनी पुस्तिका जशीच्या तशी छापून तिच्याच जोडीला पाचव्या आवृत्तीतील रूपांतर दिले. पुनर्मुद्रण स्तुत्य आहे. रूपांतर मात्र राक्षसांचे आकडे बदलते आणि बक्षिसाचे प्रयोजन बदलत नाही. 2025 मध्ये कंपनीने नवशिक्यांसाठी जी नवी पेटी काढली, तीही याच सरहद्दीवर बेतलेली आहे.

कंपनीबाहेरच्या मंडळींनी केलेले काम अधिक मोलाचे आहे. खेळाच्या पद्धतीवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो असतो शब्दरचनेवर, हे ओळखून आणि कंपनीनेच 2000 साली दिलेल्या खुल्या परवान्याचा आधार घेऊन त्यांनी जुने नियम नव्या शब्दांत लिहून काढले. 2006 चे ‘ओझरिक’, 2007 चे ‘लॅबिरिंथ लॉर्ड’ आणि 2019 चे गॅव्हिन नॉर्मन यांचे ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ ही त्याची ठळक उदाहरणे. 2023 च्या जानेवारीत कंपनीने तो परवाना फिरविण्याचा घाट घातला, खेळाडूंनी गहजब केला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाचव्या आवृत्तीचे मूळ नियमच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले करून कंपनीला माघार घ्यावी लागली. नॉर्मन यांच्या पुस्तकाचा गुण असा की, ते मोल्डव्हेच्या नियमांत फारशी भर न घालता मुख्यतः त्यांची मांडणी सुधारते: एक विषय, समोरासमोरची दोन पाने, फाटा नाही.

इतरांचा निर्देश ओझरता पुरे. ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ची चमत्कृती आणि विचित्र बाजूंचे फासे स्वतःच्या साहसांत शोभतात, या शांत, हिशेबी गढीत ते उपरे वाटतात. ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीचे गणित इतके काटेकोर आहे की, पायरीने थोडा वरचढ शत्रूही फार भारी पडतो, आणि घळीत तर बलाबलाची सरमिसळ हेच मर्म आहे. केल्सी डिओन यांचे 2023 चे ‘शॅडोडार्क’ मात्र गंभीरपणे विचारात घेण्याजोगे आहे: मशाल घड्याळाच्या खऱ्या तासाने विझते, कोणत्याही पात्राला अंधारात दिसत नाही, अनुभव खजिन्यातून मिळतो, आणि फाशांची भाषा पाचव्या आवृत्तीच्या खेळाडूस परिचित आहे.

जुन्या नियमांची भलावण करताना त्यांतील उणिवा झाकण्याचे कारण नाही. चिलखताचा अंक जितका कमी तितके चिलखत चांगले, हा उफराटा शिरस्ता नवख्याला अकारण छळतो. त्याहून गंभीर गोष्ट ही की, गुहांत राक्षसांच्या बायका आणि न लढणारी पोरे संख्येनिशी नोंदलेली आहेत, आणि त्यांचे काय करावयाचे याविषयी पुस्तिका व नियमावली दोन्ही मूक आहेत. 1979 साली हे मौन खपून गेले. आजच्या टेबलावर तो प्रश्न पहिल्याच संध्याकाळी उभा राहतो, आणि कोणतीही नियमावली तो सोडवीत नाही. डंजन मास्टरने खेळापूर्वीच मंडळींशी बोलून त्याची तजवीज करावी.

तेव्हा माझा कौल असा. टेबल नवे असेल तर ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ घ्यावे. मंडळी पाचव्या आवृत्तीत मुरलेली असतील तर ‘शॅडोडार्क’. पाचवी आवृत्ती सोडावयाचीच नसेल, तर राक्षसांचे आकडे बदलण्यात महिने घालविण्याऐवजी पदोन्नतीचा तक्ता आणि राक्षसांचे अनुभव-गुण 1981 च्या पुस्तकातून जसेच्या तसे उचलावेत, सुवर्णाला गुण द्यावेत, धैर्याचे दोन फासे टाकावेत, आणि प्रकाशाचा फुकट मंत्र पात्रांच्या मंत्रयादीतून काढून टाकावा. एवढे करण्याची तयारी नसणाऱ्यांनी ही गढी सोडून त्या आवृत्तीसाठीच लिहिलेले एखादे साहस खेळावे.