ग्राफाइट : ‘क्रिटिकल’ कुणासाठी?

आज एका विशेषणाची चिकित्सा करायचीय. ‘क्रिटिकल मिनरल्स’मधलं ‘क्रिटिकल’. भारत सरकारने २०२३ साली अशा ३० खनिजांची यादी काढली, तीत ग्राफाइट आहे. अमेरिकेच्या आणि युरोपीय संघाच्या यादीतही आहे. ग्राफाइट म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतलंच. (तिच्यात शिसं नसतं. नावं फसवतात ती अशी.)

यादी वाचली की वाटतं, पदार्थ दुर्मीळ असणार. पण साठे चीनमध्ये आहेत, मोझांबिकमध्ये, मादागास्करमध्ये, ब्राझीलमध्ये आहेत, भारतातही आहेत. अडतं ते पुढच्या कामावर. लिथियम-आयन बॅटरीच्या अॅनोडसाठी खाणीतले पापुद्रे दळून, घोळवून, मायक्रॉनमध्ये मोजावे लागतील इतके बारीक गोळे करायचे. यात बऱ्याचदा निम्म्याहून अधिक माल बाजूला पडतो. मग ते ९९.९५ टक्के शुद्ध करायचे. त्यासाठी सर्रास वापरतात हायड्रोफ्लोरिक आम्ल, जे काचही खातं. कोकपासून कृत्रिम ग्राफाइट बनतं, पण ते सुमारे ३००० अंश सेल्सिअसला तापवावं लागतं. म्हणजे वीज आली.

बॅटरीच्या ग्राफाइटचं हे शुद्धीकरण ९० टक्क्यांहून अधिक चीनमध्ये होतं. चीनने ते काबीज केलं, असं म्हणतात. हे अर्धसत्य आहे. बाकीच्यांनी ते स्वस्त पडतं म्हणून आनंदाने तिकडे राहू दिलं. २०१६ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने चीनमधल्या ग्राफाइट कारखान्यांभोवतीच्या गावांची हकिकत छापली होती: पिकांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, घरात चमकणारी काळी धूळ, खराब झालेलं पाणी. त्यावर काही जग हादरलं नाही. १ डिसेंबर २०२३पासून चीनने निर्यातीला परवाना लावला, तेव्हा मात्र धावपळ झाली. म्हणजे या विशेषणात गिऱ्हाइकाची भीती नोंदलेली आहे. धूळ खाणाऱ्याची नाही.

आता अमेरिकेचा नियम बघा. २०२२च्या कायद्याने विद्युत मोटारींच्या खरेदीवर करसवलत दिली, अट अशी की बॅटरीतली खनिजं चीनसारख्या देशांशी बांधलेल्या कंपन्यांकडून नसावीत. मे २०२४च्या अंतिम नियमांत अॅनोडमधलं ग्राफाइट २०२६अखेरपर्यंत या अटीतून वगळलं. कारण? त्याचा माग काढणं व्यवहार्य नाही! तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात मौज वाटते. ‘आम्हाला कळू शकत नाही’ हे ज्ञानाबद्दलचं विधान, आणि त्याला मुदत. एक खरं, की वेगवेगळ्या ठिकाणची भुकटी एकत्र मिसळते, माग काढणं खरोखर अवघड आहे. पण तीच भुकटी किती शुद्ध आहे ते आपण दशांशानंतर दोन घरांपर्यंत सांगतो. शुद्धता कळली नाही तर बॅटरी बिघडते. गावाचं नाव कळलं नाही तर काय बिघडतं? (पुढे ती करसवलतच २०२५च्या सप्टेंबरअखेर बंद झाली.)

‘मग चीन नको, दुसरीकडून आणू’ म्हणणाऱ्यांनी मोझांबिकमधलं बलामा बघावं. ऑस्ट्रेलियन कंपनी सायराची ही खाण. तिथला माल अमेरिकेत लुइझियानातल्या विडालियाच्या कारखान्यात जायचा. पुनर्वसनाच्या जुन्या तक्रारी असलेले शेतकरी खाणीवर येऊन बसले. डिसेंबर २०२४मध्ये कंपनीने ‘फोर्स मेज्योर’ जाहीर केलं. हा शब्द करारात वादळाला, भूकंपाला लावतात. इथे तो जमिनीचं मागणाऱ्या माणसांना लागला.