पोलिओ, जनसंपर्क आणि 'गैरसमज' नावाचा डबा

'अमुक सामाजिक समस्येच्या निराकरणात जनसंपर्काची भूमिका' या साच्यातल्या सिनॉप्सिसमध्ये पल्स पोलिओचं उदाहरण हमखास सापडतं. आधी अमिताभ बच्चनची जाहिरात, मग थेट 27 मार्च 2014 चं पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र! मधलं सगळं दोन ओळींत उरकलेलं. माझा आक्षेप तिथेच आहे.

2002 मध्ये देशात 1600 रुग्ण सापडले, त्यातले बहुतेक उत्तर प्रदेशात. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या काही वस्त्यांत डोस नाकारले जात होते. डोसामुळे मुलांना पुढे मूल होत नाही, अशी अफवा होती. मग युनिसेफच्या जाळ्यातल्या स्थानिक बायका घरोघर फिरल्या, मौलवींनी आवाहनं केली. हे काम जाहिरातीपेक्षा कितीतरी मोलाचं, यात वाद नाही.

पण पालकांची आणखी एक तक्रार होती: इतके डोस पाजले, तरी पोरगं अधू झालंच. आपण हे पटकन 'गैरसमज' या डब्यात टाकतो. 2006 मध्ये 'सायन्स'मध्ये ग्रासली आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. तेव्हाच्या तोंडावाटे द्यायच्या त्रिगुणी लसीची टाइप 1 विरुद्धची परिणामकारकता उत्तर प्रदेशात दर डोसमागे अंदाजे 9 टक्के निघाली, उरलेल्या देशात 21 टक्के. दाट वस्ती, अस्वच्छता, मुलांची सततची हगवण. म्हणजे पालकांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं!

पुढे लसही बदलली. जानेवारी 2010 मध्ये द्विगुणी लस आली. 2009 चे 741 रुग्ण 2010 मध्ये 42 वर आले, आणि शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला. त्याच सुमारास 107 जोखमीच्या ब्लॉकमध्ये हात धुणं, ओआरएस, स्तनपान यांवरही काम सुरू होतं. आता यातलं किती श्रेय संवादाचं आणि किती लसीचं? 'भूमिका' हा शब्द हा प्रश्न अलगद झाकतो.

ग्रुनिग आणि हंट यांचं 1984 चं 'द्विमार्गी सममित' मॉडेल सगळेच उद्धृत करतात. त्यात फक्त लोकांनी बदलायचं नसतं, संस्थेनेही बदलायचं असतं. पण आपली प्रश्नावली मोजते काय? लोकांची 'जागरूकता', पाच गुणांच्या लिकर्ट स्केलवर.

या विषयावर काम करायचंच असेल, तर नकाराच्या नोंदींपासून सुरुवात करा. पोलिओ पथकं घराच्या दारावर 'पी' किंवा 'एक्स' लिहायची. 'एक्स'मध्ये कुलूपबंद घर, बाहेरगावी गेलेलं मूल, आजारी मूल, नकार, सगळंच यायचं. त्यातला नकार वेगळा काढा, त्यामागचं कारण लोकांच्या शब्दांत मिळतंय का बघा, आणि ते वर कुठल्या टेबलापर्यंत पोचलं याचा माग काढा.