अभय अष्टेकरांनी नेमकं केलं काय?

‘शिरपूरच्या मुलानं आइनस्टाईनला मागं टाकलं’ अशा थाटाचं कौतुक अभय अष्टेकरांच्या वाट्याला येतं, तेव्हा आम्हाला ते खटकतं. १९४९ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्म, १९७४ मध्ये शिकागोची डॉक्टरेट, १९९३ पासून पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ, २०१८ चं आइनस्टाईन पारितोषिक. एवढं सांगितलं की टाळ्या पडतात. १९८६ चा तो शोधनिबंध मात्र बाजूलाच राहतो. आज त्याच्याबद्दलच बोलू.

आइनस्टाईनच्या सिद्धांतात गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता, आणि तिचं वर्णन अंतरांच्या भाषेत होतं. ही भाषा घेऊन पुंजभौतिकीत शिरायला गेलं की समीकरणं इतकी गुंततात की मांडता येतात, पण सोडवता येत नाहीत. अष्टेकरांनी मोजायची गोष्टच बदलली. म्हणजे बघा, हा पृथ्वीगोल. विषुववृत्तावर उत्तरेकडे तोंड केलेला बाण ठेवला. तो न वळवता उत्तर ध्रुवापर्यंत नेला, तिथून नव्वद अंश पलीकडच्या रेखावृत्तानं खाली उतरवला आणि विषुववृत्तावरून मूळ जागी आणला. आपण तो कुठंच वळवला नाही, तरी आता तो पूर्वेकडे बघतोय! अंतर न मोजताही, या फिरण्यावरून वक्रता कळली. ही कल्पना जुनीच; पण तिचं एक खास रूप निवडून अष्टेकरांनी ते मुख्य चल मानलं, आणि समीकरणं एकदम सुटसुटीत झाली. शिवाय विद्युतचुंबकत्व आणि अणुकेंद्रातली बलं ज्या भाषेत मांडतात, तिच्या जवळ गुरुत्वाकर्षण येऊन बसलं.

यात आइनस्टाईनला खोटं पाडणं कुठं आलं? सिद्धांत तोच आहे. आपल्या कारंज्याच्या जैन भांडारांतल्या अपभ्रंश पोथ्या डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्यांनी संपादून छापल्या, तेव्हा मजकूर नवा झाला नाही, बस्त्यात बांधलेलं वाचता येऊ लागलं. आमच्या मते अष्टेकरांचं मोठेपण या जातीचं आहे, आणि ते पारितोषिकांच्या यादीत दिसत नाही.

पण या सोयीची किंमत होती. नवे चल संमिश्र संख्यांचे, म्हणून शेवटी उत्तर वास्तव येईल याची अट वेगळी घालावी लागते, आणि ती अट पुंजसिद्धांतात सांभाळणं फार जड गेलं. १९९५ मध्ये बार्बेरो यांनी वास्तव चल वापरले; तो मार्ग रूढ झाला, पण मूळचा सुटसुटीतपणा बराचसा गेला. ज्या सौंदर्यानं माणसं घरात आली, ते उंबऱ्यातच राहिलं म्हणा ना. घर मात्र उभं राहिलं. रोव्हेली आणि स्मोलिन यांनी वलयांची मांडणी केली. १९९५ मध्ये त्यातून निघालं की क्षेत्रफळालाही ठरावीक टप्पे असतात. ते इतके बारीक की लांबीत बोलायचं तर दशांशचिन्हानंतर चौतीस शून्यं आणि मग आकडा, तेही मीटरमध्ये. २००६ मध्ये अष्टेकर, पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी दाखवलं की या पद्धतीच्या विश्वप्रतिमानात महास्फोटाच्या जागी अनंत घनता येत नाही. आकुंचन पावणारं विश्व उसळी घेऊन पुन्हा पसरतं.

इथं आम्ही थोडे सावध आहोत. ते प्रतिमान सगळीकडे सारख्या, अगदी साध्या विश्वाचं आहे. पूर्ण सिद्धांतातून ते अजून काटेकोरपणे काढता आलेलं नाही. या बारीक टप्प्यांतून आपल्या ओळखीचा सलग अवकाश आणि आइनस्टाईनची समीकरणं परत मिळतात का, हा प्रश्नही मिटलेला नाही. प्रयोगानं कौल दिलेला नाही. स्ट्रिंग सिद्धांतवाले हेच दाखवतात, आणि त्यांच्याही हातात प्रायोगिक पुरावा नाही, हे तेवढंच खरं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. बाणाचा खेळ स्वतः करून बघायचा असेल तर गोल इथं टेबलावरच आहे. फक्त ध्रुवावर पोचल्यावर बाण वळवू नका, तिथं सगळेच फसतात.