सहललेखांतील ‘आम्ही’

मराठी मासिकांत व महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांत प्रवासवर्णनाच्या शेजारीं एक लहानसा लेखप्रकार कित्येक वर्षें नांदत आला आहे. त्यास रूढ असें नांव नाहीं. सोयीसाठीं आपण त्यास ‘सहललेख’ म्हणूं. पांचसात मित्र सुटींत डोंगर चढतात, नदीकांठीं तंबू ठोकून एकदोन रात्री काढतात, आणि परत आल्यावर त्यांच्यांतील लिहिता हात असलेला एकजण त्या भटकंतीची हकीकत लिहितो, हें या लेखाचें सामान्य स्वरूप. प्रवासवर्णनाचा विचार करणारे टीकाकार या प्रकाराकडे सहसा वळत नाहींत; त्यास ते पोरखेळ समजतात. परंतु पुष्कळांच्या हातून पहिलें गद्य उतरतें तें याच निमित्तानें. पाहावें कसें आणि पाहिलेलें सांगावें कसें, याचा पहिला धडा येथेंच गिरविला जातो. तो चुकीचा गिरविला गेला, तर पुढें वळण सुधारणें कठीण जातें. म्हणून या लहान प्रकाराची थोडी गंभीर तपासणी करणें अस्थानीं होणार नाहीं.

या लेखांचा सांचा आतां इतका घट्ट झाला आहे कीं, लेख न वाचतांहि त्यांतील मजकूर सांगतां यावा. पहांटेची गाडी चुकतां चुकतां मिळते. एका मित्राचे नवे बूट पहिल्याच चढणीवर त्याला चावूं लागतात. दुसऱ्याच्या हातची खिचडी करपते, आणि भुकेच्या पोटीं तीच अमृतासारखी लागते. रात्रीं शेकोटीभोंवतीं गाणीं होतात, कोणी भुताची गोष्ट सांगतो, सूर्योदयाच्या वांट्यास ‘अवर्णनीय’ हें एकच विशेषण येतें, आणि ‘त्या रम्य आठवणी’ उराशीं धरून मंडळी घरीं परततात. ह्या गोष्टी खोट्या असतात असें नव्हे. त्या घडतात, आणि ज्यांना घडतात त्यांना त्यांचें सुख मोठें असतें. प्रश्न एवढाच कीं, जो त्या सहलीस गेला नव्हता त्या वाचकाच्या हातीं काय लागतें? एक सोपी कसोटी लावून पाहावी. लेखांतील नदीचें आणि डोंगराचें नांव खोडून तेथें दुसरें कोणतेंहि नांव घालावें. लेखास कोठेंच धक्का बसला नाहीं, तर त्या लेखांत ती नदी कधीं वाहिलीच नाहीं असें खुशाल समजावें.

ही कसोटी एखाद्या प्रत्यक्ष स्थळावर लावून पाहूं. गोंदिया जिल्ह्यांतील सडक अर्जुनी तालुक्यांत सौंदड नांवाचें गांव आहे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें एक स्थानक. चुलबंद नदी याच मुलखांतून वाहत जाऊन पुढें वैनगंगेस मिळते. उत्तरेस नागझिऱ्याचें अरण्य, दक्षिणेस नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आणि त्याभोंवतींच्या टेकड्या. विदर्भांतील विद्यार्थ्यांना डोंगर, रान आणि नदी यांचा एकत्र लाभ व्हावा अशीं ठिकाणें जीं थोडीं आहेत, त्यांत या परिसराची गणना करावी लागेल. परंतु आपली सहललेखाची भाषा सह्याद्रीच्या किल्ल्यांवर पोसलेली आहे. ती या झाडीपट्टींत आली कीं गोंधळून जाते. येथें ताशीव कडे नाहींत, बुरूज नाहींत, ढगांत शिरलेले माथे नाहींत. डोंगर ठेंगणे आणि अंगभर झाडी पांघरलेले. तेव्हां लेखकापुढें दोनच वाटा उरतात. एक तर तो साध्या टेकडीस ‘उत्तुंग शिखर’ करून टाकतो, किंवा स्थळाचा नाद सोडून मित्रांच्या गमतीजमतींकडे वळतो. दोहोंचा परिणाम एकच. सौंदडचा परिसर कागदावर उतरत नाहीं.

वस्तुतः पाहणाऱ्यास येथें काय थोडें आहे? हा भाताचा आणि तळ्यांचा मुलूख. धानाच्या बंदिस्त शेतास येथें ‘बांधी’ म्हणतात, लहान तळ्यास ‘बोडी’ म्हणतात. हीं तळीं बहुतांशीं निसर्गाचीं नव्हेत. माणसांनीं पाण्याचा उतार ओळखून, दोन टेकड्यांच्या मधली जागा हेरून, मातीच्या पाळी घालून तीं उभीं केलेलीं आहेत. या कामांत कोहळी समाजाची ख्याति मोठी. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं घातला असें सांगतात. म्हणजे ज्या जलाशयाच्या कांठीं बसून आपला लेखक ‘निसर्गाच्या किमये’विषयीं चार वाक्यें लिहितो, ती किमया निम्मी तरी माणसाच्या कुदळीची आहे. याच धानाच्या बांध्यांत सारस पक्ष्याची जोडी घरटें करते. महाराष्ट्रांत सारसाचा मुख्य आसरा आतां हाच जिल्हा. चैत्राच्या सुमारास पहांटे मोहाचीं फुलें गळतात आणि गांवचीं बायामुलें उजाडण्यापूर्वीं टोपल्या घेऊन रानांत शिरतात. त्यानंतर तेंदूच्या पानांचा हंगाम येतो. नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें, नवेगाव १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ सालीं दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्पांत गेलीं. वाघाचें रान आणि मोहाचें रान हें एकच रान असल्यामुळें, तेथें कोणी केव्हां शिरावें हा प्रश्न या मुलखांत रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे. यांतील एकहि गोष्ट ‘अवर्णनीय’ नाहीं. सर्व वर्णनीय आहेत. मात्र त्या विचारल्यावांचून कळत नाहींत.

विचारावें कोणास, हेंहि सहललेखास ठाऊक असतें. प्रत्येक सहललेखांत एक वाटाड्या असतो. तो पुढें चालतो, झाडाची साल पाहून कांहीं तरी सांगतो, पाण्याचा ठाव दाखवितो, संध्याकाळीं चार पैसे घेऊन अंधारांत दिसेनासा होतो. लेखांत त्याचा उल्लेख ‘एक म्हातारा’ किंवा ‘आमचा वाटाड्या’ एवढाच. मित्रांचीं टोपणनांवेंसुद्धां लेखांत आग्रहानें येतात. ज्याच्या ज्ञानावर ती मंडळी सुखरूप घरीं आली, त्याला मात्र नांव नाहीं. त्याची बोली विनोदासाठीं घेतली जाते, त्यानें सांगितलेलें ज्ञान घेतलें जात नाहीं. या प्रकारांतील सर्वांत मोठें वैगुण्य आमच्या मतें हेंच होय. भाषेचा तोकडेपणा, कल्पनांचा शिळेपणा हे दोष त्यापासूनच निपजतात. ज्यानें झाडाचें नांव विचारलें नाहीं, त्याला ‘घनदाट वृक्षराजी’ म्हणण्यावांचून गत्यंतर काय?

याच मुलखानें मराठीस याच्या उलट उदाहरणहि दिलें आहे. मारुती चितमपल्ली हे जन्मानें सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीनिमित्त ते नवेगावबांधला आले आणि तेथें दीर्घकाळ राहिले. २०२५ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या लेखनाची थोरवी पक्ष्यांच्या माहितींत आहे असें सामान्यतः समजलें जातें. ती माहिती तर आहेच. परंतु ती त्यांना कोठून मिळाली हें ते लपवीत नाहींत, हा त्यांचा विशेष अधिक मोलाचा आहे. नवेगावचे माधवराव पाटील यांच्याकडून आपण रान शिकलों, ही कृतज्ञता त्यांच्या लेखनांत वारंवार येते. पाटील तेथें नांवानिशीं, स्वभावानिशीं उभे राहतात. त्यामुळें चितमपल्लींच्या शब्दांना त्या भूमीचा वास आला. पुढें त्यांनीं पक्ष्यांचे व झाडांचे कोश रचले, त्यांचें बीज या विचारण्यांत आहे. दोष काढावयाचा तर असा कीं, त्यांच्या लेखनांत ऐकीव गोष्ट आणि स्वतः पाहिलेली गोष्ट यांच्यामधली सीमा कधीं कधीं पुसट होते, आणि अद्भुताचा मोह त्यांना सर्वत्र आवरत नाहीं. तरी गुरूचें ऋण नांवानिशीं मान्य करण्याची त्यांची रीत आमच्या सहललेखकांनीं अवश्य उचलावी.

व्यंकटेश माडगूळकरांचें ‘नागझिरा’ हें पुस्तक याच अरण्यांतील वास्तव्यावर आहे. माडगूळकर चित्रकारहि होते, आणि चित्रकाराची नजर गद्यांत उतरली म्हणजे विशेषणें कशीं गळून पडतात, हें त्या पुस्तकांत पाहावयास मिळतें. प्राणी काय करतो तें ते सांगतात. तो पाहून आपणांस काय वाटलें, हें सांगण्याची त्यांना घाई नसते.

येथें कोणी म्हणेल, हे दोघे प्रौढ आणि सराईत लेखक. त्यांच्या मापानें मित्रमंडळींबरोबर चार दिवस गेलेल्या तरुणांस मोजणें हा अन्याय नव्हे काय? शिवाय अरण्य हें एकट्यानें पाहावयाचें. मित्रांच्या मेळाव्यांत असें पाहणें होतेंच कोठें? या आक्षेपांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच. मित्रांची सोबत ही पाहण्याच्या आड येतेच असें नाहीं. काका कालेलकर १९१२ सालीं स्वामी आनंद व अनंतबुवा मर्ढेकर या मित्रांसह हिमालयांत पायीं हिंडले, आणि त्या भ्रमणाचें पुस्तक मित्रांच्या सोबतींतूनच निघालें. तरीहि तें हिमालयाचेंच पुस्तक राहिलें. तें मूळ गुजरातींत लिहिलें गेलें, आणि सातारच्या एका मराठी माणसाचें हें लेखन आपणांस भाषांतरानें घ्यावें लागलें, याची रुखरुख मराठी वाचकास वाटल्यावांचून राहत नाहीं. गो. नी. दांडेकरांनीं नर्मदेची परिक्रमा पायीं केली आणि तिच्यावर ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली. परिक्रमेचा नियमच असा कीं, नदी सतत उजव्या हातास ठेवून चालावयाचें. हा नियम धर्माचा असला तरी लेखनासहि लागू पडण्यासारखा आहे. लेखकानें कोठेंहि वळावें, कोणाशींहि बोलावें, परंतु नदी उजव्या हातास आहे कीं नाहीं हें प्रत्येक पानावर पाहावें.

आणि याहूनहि जुना दाखला विष्णुभट गोडसे यांचा. १८५७ च्या धामधुमींत वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस गेला, आणि त्याची हकीकत ‘माझा प्रवास’ या नांवानें १९०७ सालीं छापली गेली. त्याला निसर्गवर्णनाची हौस नव्हती, शैलीचा अभिमान नव्हता. पण कोठें काय जेवण मिळालें, दक्षिणा काय पडली, कोणत्या प्रसंगीं भयानें पाय कसे लटपटले, हें त्यानें आडपडदा न ठेवतां सांगितलें. त्याचा ‘मी’ जगाकडे तोंड करून उभा आहे. आमच्या सहललेखांतील ‘आम्ही’ मात्र शेकोटीभोंवतीं वर्तुळ करून बसतो, आणि वर्तुळ करून बसलेल्यांची पाठ साहजिकच रानाकडे असते.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा असता तर एवढें लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. नदीकांठच्या मुक्कामांत प्राणाचाहि प्रश्न असतो. हिवाळ्यांत आणि उन्हाळ्यांत आपल्या नद्यांचीं पात्रें वाळूनें पसरट, निरुपद्रवी दिसतात. परंतु वरच्या अंगास पाऊस झाला किंवा धरणाचें दार उघडलें, तर डोक्यावर निरभ्र आकाश असतांना खालीं पाणी चढतें. उथळ धारेच्या शेजारींच वाळू उपसून झालेला खोल खड्डा असतो, आणि तो वरून दिसत नाहीं. डोह कोठें आहे, वाळू कोठें फसते, पाणी कोणत्या वेळीं चढतें, हें कांठावर जाळें टाकणाऱ्या ढिवरास पाठ असतें. दर वर्षीं सहलीस गेलेले तरुण बुडाल्याच्या वार्ता आपण वाचतों, हळहळतों. त्यांतल्या सर्वच घटना टळल्या असत्या असें म्हणणें धाडसाचें होईल. तरी ज्या लेखांतून नवे तरुण सहलीचें स्वप्न पाहावयास शिकतात, त्या लेखांत तो ढिवर नसतो, त्याचा सल्ला नसतो, पाण्यांत उडी घेतल्याची बहादुरी मात्र असते. याची जबाबदारी लेखकाकडे मुळींच नाहीं असें म्हणवत नाहीं. लेख वाचूनच पुढील मंडळी त्याच डोहाकडे जावयाची असते.

तेव्हां सहललेखकांस आमचें सांगणें थोडें आहे. खिचडी करपली हें अवश्य लिहावें. तारुण्याचें हसूं लेखांतून हद्दपार करावें असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र चूल ज्या लांकडावर पेटली तें ऐनाचें होतें कीं धावड्याचें, आणि तें तोडण्याची मुभा होती काय, हेंहि विचारून लिहावें. वाटाड्याची अनुमति असेल तर त्याचें नांव लिहावें. नसेल तर निदान त्याचें ज्ञान त्याच्या नांवें जमा करावें. गांवानें ज्या वस्तूस जें नांव दिलें असेल तें घ्यावें, बोडीस ‘सरोवर’ करूं नये. असा लेख कदाचित् कमी रम्य होईल. परंतु सौंदडचा एखादा शेतकरी तो वाचून, हें आमच्याच चुलबंदीचें वर्णन आहे, असें म्हणेल. एवढी एक दाद ज्या लेखास मिळाली, तो वार्षिक अंकाच्या पानांत पडून राहिला तरी वाङ्मयांत जमा झाला असें आम्ही समजूं.