काचपात्रातील चेतापेशी आणि जन्माचा इतिहास

मेंदूच्या वाढीतील विकारांचा अभ्यास दीर्घकाळ रुग्णाचे निरीक्षण, प्राण्यांवरील प्रयोग आणि मरणोत्तर विच्छेदन यांवरच अवलंबून होता. विकार घडत असतानाचा मानवी मेंदू अभ्यासकाच्या हाती येत नसे. ही अडचण शिन्या यामानाका यांच्या संशोधनाने पुष्कळशी दूर केली. त्यांनी 2006 मध्ये उंदराच्या व 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींत चार जनुके घालून त्या मूलपेशींच्या अवस्थेस नेल्या. अशा मूलपेशींपासून त्याच रुग्णाच्या चेतापेशी वाढविता येतात. रेट विकाराच्या रुग्णांपासून केलेल्या चेतापेशी आकाराने लहान असून त्यांच्यातील परस्परसंधीही कमी असतात, हे 2010 साली दाखविण्यात आले.

पद्धतीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. तथापि चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातून पाहिले असता तिची मर्यादाही स्पष्ट होते. पेशीला पूर्वावस्थेस नेताना तिच्यावरील वयाच्या खुणा बहुतांशी पुसल्या जातात. जनुकांचा वारसा तेवढा उरतो. जन्मताना श्वास कोंडलेले किंवा मेंदूच्या हिवतापातून वाचलेले मूल पुढे बोलण्यास मागे पडले, तर त्या घटनेची साक्ष या पेशी देत नाहीत. पात्रातील प्राणवायू कमी करून तशी इजा घडविता येते, आणि 2019 साली स्टॅनफर्ड येथे तसे प्रयोग झालेही. परंतु तेथे इजेची मात्रा अभ्यासकच ठरवितो. त्या बालकास प्रत्यक्ष काय झाले, हे आईला, सुईणीला विचारल्यावाचून कळत नाही.

ही शंका काल्पनिक नव्हे. उत्तर गोव्यासह भारतातील पाच ठिकाणी 2 ते 9 वर्षांच्या मुलांची पाहणी करून 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरी झालेली प्रसूती, जन्मवेळची घुसमट, अपुरे वजन, मेंदूचा जंतुसंसर्ग आणि खुरटलेली वाढ यांचा अशा विकारांशी संबंध आढळला. ही मुले नकळत जनुकीय विकारांच्या गटात मोडली, तर पेशींतील फरक धूसर होणार, आणि दोष मात्र पद्धतीच्या माथी येणार.

गडचिरोलीत जन्माच्या नोंदीची परंपरा आहे. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत स्थानिक स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजातांची काळजी घेतली, नवजात-मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी याच दांपत्याने सिकलसेलचा अभ्यास केला होता. तो प्रश्न लोकांचा नसून आपला होता, ही कबुली पुढे त्यांनीच दिली. अशी कबुली संशोधनात विरळाच. मूलपेशींच्या अभ्यासकांनी येथे येण्यापूर्वी ती ध्यानी घ्यावी.

कारण येथे केवळ रक्ताचा नमुना मागावयाचा नाही. मुलाच्या पेशी दूरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढत राहतील, कदाचित मुलाच्या मागेही, हे भामरागडकडील माडिया आईला तिच्याच बोलीत सांगावे लागेल. ‘पेशी’ हा शब्दच तेथे पहिली अडचण ठरेल. त्या पेशींतून काय निष्पन्न झाले, हे विचारण्यास तिने कोणाकडे जावे, याचे उत्तरही संमतीपत्रात असावे लागेल.